एक 'वेस्ट', चार अर्थ : इंग्रजीतले गोंधळात टाकणारे शब्द

दहावीच्या इंग्रजी पेपरात पत्रलेखन असतं. आपली मुलं मजकूर छान लिहितात, पण वरच 'प्रिन्सिपल'चं स्पेलिंग चुकतं आणि मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र 'तत्त्वा'च्या नावाने जातं! हसू येतं खरं, पण पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा नोकरीचं पत्र लिहिताना हीच चूक आडवी येते. मोबाईलही अशा वेळी बरेचदा गप्प राहतो, कारण दोन्ही स्पेलिंग आपापल्या जागी बरोबर असतात. मग लाल रेघ कशाला उमटेल?

उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांचा असा गोंधळ होतो, याचा अर्थ ती कमी हुशार आहेत असा मुळीच नाही. बरंचसं कारण त्यांच्या वहीत सापडतं. नवा इंग्रजी शब्द आला की मुलं त्याखाली आपल्या लिपीत उच्चार लिहून घेतात. समजा, 'वेस्ट' लिहिलं. आता हे काय? पश्चिम दिशा, बनियन, वाया घालवणं की कंबर? इंग्रजीत हे चार वेगळे शब्द आहेत. बनियनचा शब्द 'व्ही'ने सुरू होतो, बाकीचे तीन 'डब्ल्यू'ने. वाया घालवण्याच्या शब्दाच्या शेवटी 'ई' येतो, कमरेच्या शब्दात मध्ये 'ए-आय'. आपल्याकडे 'व' एकच आणि उर्दूतही वाव एकच, म्हणून वहीत चारही शब्द एकसारखे दिसतात. बोलताना मात्र फरक आहे. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात. मुलांना आरशासमोर उभं करून बघा.

अरबी वाचायला शिकलेल्या मुलांना हे लवकर पटेल. मोठ्या काफने 'कल्ब' म्हटलं तर दिल, छोट्या काफने म्हटलं तर कुत्रा! मराठीत लिहिलं की दोन्ही सारखेच. म्हणून तर उस्ताद एकेक हरफ नीट काढून घेतात. इंग्रजी अक्षरांकडेही तसंच बघायला हवं.

आता 'प्रिन्सिपल'. शेवटी 'पी-ए-एल' असेल तर मुख्याध्यापक, 'पी-एल-ई' असेल तर तत्त्व. व्याजाच्या गणितातली मुद्दलही 'पी-ए-एल'वालीच, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थच 'मुख्य' असा आहे.

'स्टेशनरी'ची गंमत वेगळी. वह्या-पेनांची स्टेशनरी आणि एका जागी स्थिर उभं असणं, हे दोन्ही शब्द एकाच मुळातले. जुन्या काळी युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ असत. जो एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकायचा तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. वह्यांच्या शब्दात शेवटी 'ई-आर-वाय' येतं, स्थिर असण्याच्या शब्दात 'ए-आर-वाय'. इंग्रजीत पाकिटाचा शब्दही 'ई'नेच सुरू होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काही ठिकाणी आपली बोलीच फसवते. आपण 'कपडे लूज झाले' म्हणतो. पण सैल या अर्थाच्या शब्दाचा खरा उच्चार 'लूस', आणि त्यात 'ओ' दोन. हरवणं किंवा हरणं या अर्थाचा शब्द 'लूज', त्यात 'ओ' एकच. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज' यांतही कान मदत करतो : 'स' ऐकू आला तर सल्ला, आणि स्पेलिंगमध्ये 'सी', 'ज' ऐकू आला तर सल्ला देणं, आणि स्पेलिंगमध्ये 'एस'. 'अफेक्ट' की 'इफेक्ट' असा प्रश्न पडला तर औषधाचा 'साईड इफेक्ट' आठवा. इफेक्ट म्हणजे परिणाम, अफेक्ट म्हणजे परिणाम करणं. क्वचित अपवाद आहेत, पण शाळेत एवढ्यावर भागतं.

स्पेलिंगचा काही संबंध नसतानाही गोंधळ होतो, तो आमच्या मते जास्त अवघड. मराठीत 'उसने' हा शब्द एकच. घेतले किंवा दिले म्हटलं की काम झालं. इंग्रजीत घेणाऱ्याचं 'बॉरो', देणाऱ्याचं 'लेंड'. म्हणून पेन मागताना मुलं 'बॉरो मी युवर पेन' म्हणून जातात. 'ऐकणं'ही तसंच. अजान कानावर पडली तर 'हिअर', लक्ष देऊन ऐकली तर 'लिसन'. असे शब्द सुटे पाठ करून उपयोग नाही. वहीत शब्दासमोर नुसता अर्थ न लिहिता घरातलंच एक वाक्य लिहायला सांगा : भाईजानकडून सायकल घेतली तर 'बॉरो', धाकट्या बहिणीला रंगपेटी दिली तर 'लेंड'.