वाचता वाचता – १४ : साठ शब्द, पण कुठले?

आज पुनर्वाचनावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय. संगमनेरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पोस्टकार्ड आलंय. त्यात मजकूर एवढाच : ‘मिनिटाला साठ शब्द म्हणता, पण मराठीत शब्द कशाला म्हणायचं ते आधी ठरवा.’ खाली तांबड्या शाईत सही. माझ्या लेखावर गुरुजींनी शेराच मारला म्हणायचा.

शेरा रास्त आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द बरोबर वाचावेत, हे तेव्हापासून शाळाशाळांतल्या भिंतींवर रंगवलेलं दिसतं. मोजणी सोपी. घड्याळ लावायचं, मुलाने न पाहिलेला उतारा पुढे ठेवायचा, मिनिट संपलं की थांबवायचं आणि चुकलेले शब्द वजा करायचे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टॅन्ली डीनो यांनी सत्तरच्या दशकात ही पद्धत बसवायला घेतली, ती इंग्रजीसाठी. इंग्रजीत शब्द सुटे. आपल्याकडे ते एकमेकांचा हात धरून चालतात.

हे वाक्य घ्या : ‘आजोबांच्या घरासमोरच्या झाडाखाली म्हातारा कुत्रा बसला होता.’ शब्द सात. आता हेच हिंदीत : ‘दादाजी के घर के सामने वाले पेड़ के नीचे बूढ़ा कुत्ता बैठा था.’ शब्द तेरा. कुत्रा तोच, झाड तेच, पण हिंदीतल्या पोराच्या खात्यावर जवळजवळ दुप्पट जमा! आता शब्द सोडा आणि अक्षरं मोजा. मराठीत चोवीस, हिंदीतही चोवीस. मी तीनदा मोजली. तोंडाला पडणारे कष्ट सारखेच, किंबहुना मराठीत थोडे जास्तच, कारण आपल्या वाक्यात जोडाक्षरं चार आहेत (दोनदा च्या, मग म्हा, त्रा) आणि हिंदीत एकटं त्ता.

आपण ‘समोर’, ‘खाली’ नामाला चिकटवून लिहितो, म्हणून तर त्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणतो. हिंदीवाले ‘के नीचे’ सुटं ठेवतात. भाषा कागदावर कुठे तोडायची, हा शेवटी रिवाजाचा भाग. मोडीत तर शब्द तोडायची रीतच नव्हती. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं. पेशवे दफ्तरातल्या कारकुनासमोर घड्याळ घेऊन बसलो असतो, तर मिनिटाला एक शब्द, तोही अपुरा, अशी नोंद करावी लागली असती. असो.

मग सगळ्या भाषांना एकच आकडा कसा चालेल? चालत नाही, हे दिल्लीलाही उमगलं होतं. मार्च २०२२मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांना वीस भाषांत वाचायला लावलं, ते प्रत्येक भाषेचं माप वेगळं ठरवण्यासाठीच. पण भिंतीवरचा रंग लवकर जात नाही.

आकड्यापेक्षा मला त्या चिकटलेल्या जागेत जास्त रस आहे. ‘झाड’ वाचणारं मूल ‘झाडाखाली’शी अडत नाही, फार तर दम घेतं. अडतं ते ‘पाण्यात’शी. पाणी ओळखीचं आहे, पण पानावर ‘पाणी’ आहेच कुठे? तिथे ‘पाण्या’ नावाचा कुणी अनोळखी पाहुणा उभा. घोड्यावर, विहिरीत, बोक्याने, सगळीकडे हीच तऱ्हा. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात आणि ते बऱ्याच उशिरा शिकवतात. डोळ्यांना मात्र पहिलीपासून त्याच्याशी झुंजावं लागतं.

एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीतली एक मुलगी माझ्यासमोर वाचत होती. ओळ होती, ‘बेडूक विहिरीतल्या पाण्यात राहायचा.’ तिने वाचलं, ‘बेडूक हिरीतल्या पाण्यामंदी ऱ्हायचा.’ मी इमानदारीत तीन फुल्या मारल्या. मग विचारलं, बेडूक कुठे राहायचा? ‘हिरीत की!’ असं म्हणून तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की फुल्या खरं तर कुणाला मिळायला हव्यात ते मला कळलं.  

मुलगी पानावरची अक्षरं गाळत होती का? नाही. अक्षरं डोळ्यांनी घेऊन, अर्थ लावून, ती घरच्या बोलीत परत देत होती. साठच्या दशकात डेट्रॉइटमध्ये केनेथ गुडमन मुलांच्या अशाच चुका टिपत असे आणि त्यांना चूक म्हणायलाच नकार देत असे. त्याचा पुढचा सिद्धान्त, म्हणजे वाचन हा अंदाजाचाच खेळ आहे, मला कधी पटला नाही. संशोधनातही तो टिकला नाही. अंदाजाने वाचायला शिकवलेलं मूल चौथी-पाचवीत अनोळखी शब्दांपुढे हात टेकतं. पण चूक कान देऊन ऐकावी, ही त्याची सवय मी उचलली. तेव्हापासून माझ्या कागदावर फुलीबरोबर एक टिंबही असतं. शब्द बदलला, अर्थ शाबूत, तर टिंब. ‘पाण्यात’चं ‘पाणीत’ केलं, तर टिंब. ‘पाण्यात’चं ‘पानात’ झालं, तर फुली.

चिकटलेल्या जागेवर इलाज काय, असं शिक्षक विचारतात. मी अंगठा वापरतो. ‘झाडाखाली’तल्या ‘खाली’वर अंगठा ठेवायचा, मुलाला ‘झाडा’ वाचू द्यायचं, मग अंगठा उचलायचा. ‘पाण्यात’ला हा उपाय लागू पडत नाही, कारण अंगठ्याबाहेर जे उरतं त्याला अर्थ नाही. तिथे आधी तोंडी खेळ. मी ‘घोडा’ म्हणायचं, मुलांनी ‘घोड्यावर’. मी ‘विहीर’, त्यांनी ‘विहिरीत’. सगळी पोरं बिनचूक सांगतात, कारण हे सगळं ती बोलायला लागल्यापासून करताहेत. मग तीच जोडी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायची. आठवडाभर रोज पाच मिनिटं पुरतात.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : तोच वर्ग, तोच मजकूर, जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर, एवढ्यापुरतेच शब्द मोजावेत. एका भाषेची दुसरीशी तुलना करायची, तर अक्षरं मोजावीत.

वाचकांना एक काम देतो. तिसरीच्या बालभारतीतला कुठलाही परिच्छेद घ्या, त्यातले शब्द मोजा, अक्षरं मोजा आणि दोन्ही आकडे पोस्टकार्डावर पाठवा. जोडाक्षर एकच धरायचं. पुनर्वाचन पुढच्या आठवड्यात, पोस्टमनने पुन्हा घात केला नाही तर.