अस्थिभंगुर बालक आणि त्याच्या मातापित्यांचे हात

भग्नाची कारणे सांगताना सुश्रुताचार्यांनी पतन, पीडन, प्रहार अशी परंपरा दिली आहे. आघात मोठा म्हणून भग्न मोठे, हा हिशेब आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो. परंतु ज्या बालकाचे हाड अंगड्याची बाही ओढताना किंवा बाळोते बदलताना मोडते, त्याच्या बाबतीत हा हिशेब कोलमडून पडतो. आधुनिक वैद्यक या जन्मजात विकाराला ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ म्हणते. आम्ही येथे सोयीसाठी ‘अस्थिभंगुरता’ हा शब्द योजतो. साधारणतः १५ ते २० हजार जन्मांमागे एक बालक असे असते. म्हणजे एखाद्या वैद्याच्या उभ्या आयुष्यात असा रुग्ण एकदाच येईल, कदाचित येणारही नाही. आला तर मात्र चूक होण्याचा संभव फार. आमच्याकडून ती झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी चार महिन्यांची एक मुलगी आमच्या चिकित्सालयात आणली गेली. वजन कमी, घाम फार, अंग लुळे. आम्ही बलातैलाचा अभ्यंग सांगितला. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक होती. ती आम्ही पाहिली, पण तान्ह्या बाळांत असे दिसते म्हणून सोडून दिली. घरी मालिशवाल्या मावशी येत. पसरलेल्या पायांवर बाळ घेऊन अंग रगडणे, हातपाय उलटसुलट ताणणे, पाय धरून उचलणे हा आपल्याकडील बाळंतघरातील नित्याचा परिपाठ त्यांनी निष्ठेने पाळला. सातव्या महिन्यात मुलगी पुन्हा आली ती मांडीला हात लावू न देणारी. क्ष-किरण चित्रात मांडीचे हाड मोडलेले होते आणि बरगड्यांवर जुन्या, जुळून गेलेल्या भग्नांच्या खुणा होत्या. घरात सासूबाईंनी दोष सुनेला दिला होता. पुढे रुग्णालयात बाळाला कोणी मारते काय, अशी विचारणा झाली. डॉक्टरांचा प्रश्न वावगा नव्हता. पण ती माता त्यानंतर कित्येक दिवस मुलीला उचलून घेण्यास धजत नव्हती.

या विकारात हाडातील चुना कमी पडतो असे नव्हे. ज्या कोलॅजेन नामक प्रथिनाच्या तंतूंवर हाडाची बांधणी उभी राहते, ते तंतूच सदोष किंवा अपुरे असतात. बहुतेक रुग्णांत हा दोष त्या प्रथिनाच्या दोन जनुकांपैकी एकात असतो. आपल्या परिभाषेत हा आदिबलप्रवृत्त व्याधी होय, जन्मबलप्रवृत्त नव्हे. हा भेद केवळ पांडित्याचा नाही. जन्मबलप्रवृत्त म्हटले की गर्भिणीचा आहार, दोहद, अपचार यांची चौकशी सुरू होते आणि आधीच पोळलेल्या मातेवर आणखी एक आरोप ठेवला जातो. गरोदरपणात तिने काय खाल्ले वा काय खाल्ले नाही, याचा येथे काडीमात्र संबंध नाही. पुष्कळदा तर हा बीजदोष आईबापांपैकी कोणातच नसतो, तो बालकातच प्रथम उद्भवतो. हे वैद्याने पतीच्या व सासूच्या समक्ष स्पष्ट शब्दांत सांगावे. आमच्या मते हे पहिले औषध होय.

बालवयात भग्न महिन्याभरात स्थिर होते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. नवलाची गोष्ट अशी की या बालकांची हाडेही बहुधा नेहमीच्या अवधीतच जुळतात. त्यामुळेच फसगत होते. हाड जुळले की वैद्याला, हाडवैद्याला व औषधविक्रेत्याला आपल्या उपायाला यश आले असे वाटते. जुळलेले हाड मात्र त्याच सदोष द्रव्याचे असते आणि पुन्हा मोडते.

कॅनडातील माँट्रियल येथील ग्लोरिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पामिड्रोनेट हे औषध शिरेवाटे ठरावीक अंतराने देऊन मुलांची हाडे घट्ट होतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून या वर्गातील औषधे मध्यम व तीव्र स्वरूपाच्या रुग्णांत जगभर दिली जातात. हाड झिजविणाऱ्या पेशींना ती लगाम घालतात. मूळ तंतुदोष तसाच राहतो. पहिल्या वेळी एकदोन दिवस ताप व अंगदुखी येते. नेमक्या याच वेळी घाबरलेले पालक ‘इंजेक्शनची उष्णता’ काढून घेण्यास आपल्याकडे धावतात. हा ताप अपेक्षित असतो व तो पुढील वेळी बहुधा येत नाही, एवढे सांगून त्यांना रुग्णालयाच्याच सूचनेवर ठेवावे. उपचार थांबविण्यास कदापि अनुमती देऊ नये. वाढत्या हाडाच्या टोकाशी प्रत्येक मात्रेची एक आडवी पांढरी रेघ क्ष-किरण चित्रात उमटते. आमच्या त्या मुलीची आई पुढे या रेघा बोटाने मोजून दाखवीत असे.

परंतु औषध काही महिन्यांतून एकदा, आणि हात दिवसातून पन्नास वेळा. म्हणून पालकांना हाताळणी शिकविणे अगत्याचे. बाळोते बदलताना घोटे धरून पाय वर उचलू नयेत; पसरलेला तळहात कुल्ल्यांखाली सरकवून अंग किंचित वर घ्यावे. उचलताना एक हात कुल्ल्यांखाली, दुसरा खांदे, मान व डोके यांखाली, बोटे फाकलेली. काखेत धरून उचलणे वर्ज्य. बाहीतून बाळाचा हात ओढू नये; आपला हात बाहेरून बाहीत घालून बाळाची मूठ अलगद बाहेर आणावी. पुढून उघडणारी झबली सोयीची. मर्दन, ताणणे, पिळणे पूर्ण बंद. तेल लावावयाचेच तर तळहाताने टेकविल्याइतके. अवयव एकाएकी हलेनासा झाला तर तो सरळ करून पाहू नये, हाडवैद्याकडे ओढून घेण्यास नेऊ नये. आहे त्या स्थितीत मऊ घडीचा आधार देऊन रुग्णालय गाठावे. निदानाचा कागद नेहमी जवळ बाळगावा, म्हणजे प्रत्येक नव्या डॉक्टरापुढे आईबापांना आरोपीसारखे उभे राहावे लागत नाही.

याच्या उलट टोकाची चूक भीतीपोटी होते. मुलाला गादीवरच ठेवले की न वापरलेले हाड अधिकच क्षीण होते, स्नायू गळतात आणि पुढचे भग्न सोपे होते. प्लास्टरही गरजेपुरतेच. बसणे, रांगणे, उभे राहणे हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावयास हवे; कोमट पाण्यातील हालचाली उत्तम. एखादे हाड अधूनमधून मोडेल हे स्वीकारून मुलाला हालू देणे आईबापांना फार जड जाते. आम्ही दूर बसून उपदेश करणारे. रात्री दोन वाजता हाडाचा आवाज ऐकणारे ते असतात, याचे भान ठेवावे.

आता औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी. ‘हाडे मजबूत करणारे काहीतरी द्या’ म्हणून पालक तुमच्याकडे येतील. रुग्णालयाने चुना व ड जीवनसत्त्व आधीच सुरू केलेले असते. त्यावर प्रवाळ, गोदंती, शंख यांची भस्मे व आणखी एखादे कॅल्शियमचे पातळ औषध यांची भर पडली तर चुन्याची एकूण मात्रा कोणाच्याच हिशेबात राहत नाही, आणि अतिरेकाचा भार वृक्कांवर पडतो. पामिड्रोनेटही वृक्कांवाटेच बाहेर पडते, म्हणून प्रत्येक मात्रेपूर्वी वृक्कांची तपासणी करतात. पारदयुक्त रसौषधी या बालकांना देऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मलावरोध, अरुची, शांत झोप यांसाठी आपल्याजवळ सौम्य उपाय पुष्कळ आहेत. तेही रुग्णालयाला कळवूनच.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात या विकाराचा समावेश असून मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. असा बालक आढळल्यास त्याला तेथे किंवा जवळच्या बालअस्थिरोग तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि सोबत आपण दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व दिनांक लिहिलेली चिठ्ठी द्यावी.