पटावरची फरसबंदी

लघुप्रतिमांचा युद्धखेळ, म्हणजे मेजावर उभारलेल्या छोट्या रणांगणात बोटाएवढे सैनिक ठरावीक नियमांनी हलवून लढाई मांडण्याचा छंद, मराठी वाचकाला परका वाटला तरी त्याचे निम्मे तंत्र महाराष्ट्रात दर दिवाळीत अंगणात वापरले जाते. दगडविटांचा सांगाडा रचून त्यावर गोणपाट टाकणे, चिखलाचा लेप देणे, अळीव पेरून हिरवळ उगववणे आणि बुरुजांवर कुंभाराकडचे मावळे बसवणे ही सारी भूदृश्याचीच कारागिरी आहे. फरक प्रमाणाचा आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणाची हरकत नसते. युद्धपटावर मात्र माणूस, भिंत, बैलगाडी आणि वाटेतला दगड यांना एकच माप लागू असते. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात असा पट सैनिकी शिक्षणासाठी घडवला आणि १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून तो घरातल्या जमिनीवर आणला.

या छंदात दख्खनची १८०३ सालची मोहीम जगभर आवडीने मांडली जाते आणि तिची सुरुवात नगरपासून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपासून होते. शिंद्यांच्या ताब्यातल्या नगरच्या पेठेवर ८ ऑगस्ट १८०३ रोजी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून हल्ला केला. तटाचा माथा इतका अरुंद होता की वर चढलेल्यांना पाय टेकायलाही जागा मिळेना. तरीही पेठ पडली, लढाई गल्ल्यांत उतरली, १२ ऑगस्टला भुईकोट किल्ल्यानेही शरणागती पत्करली आणि पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. गल्लीतली लढाई मांडायची तर खेळणाऱ्याची नजर सतत जमिनीवर असते. म्हणूनच इथे घरांच्या भिंतींपेक्षा पायाखालचा पृष्ठभाग जास्त जपावा लागतो, आणि बहुतेकांचे चुकते तेही नेमके इथेच.

पहिली चूक ठिकाणाची. युरोपातल्या शहरांचे नमुने पाहून सगळी पेठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोल गोट्यांनी मढवली जाते. परंतु जुन्या दख्खनी गावांत रस्ते बहुतांशी मातीचे व मुरमाचे असत, आणि दगडी फरसबंदी वेशीच्या तोंडाशी, देवळाच्या किंवा मशिदीच्या प्रांगणात, वाड्याच्या चौकात, नदीच्या घाटावर अशी मोजक्या जागी येई. तीही एकसारखी नसे. घाटावर घडीव चिरे, चौकात ओबडधोबड बसवलेल्या फरशा आणि उतारावर नदीपात्रातले गोटे, अशी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे व गरजेप्रमाणे सरमिसळ असे. तेव्हा पेठेचा पट करताना फरसबंदी थोडी आणि नेमकी असावी. ती जिथे संपते तिथे दगड विरळ होत मुरमात बुडत गेले पाहिजेत.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. अठ्ठावीस मिलिमीटर उंचीच्या प्रतिमांसाठी साधारण १:५६ हे माप धरतात; त्यात तीस सेंटिमीटरचा दगड पाच मिलिमीटरांहून किंचित मोठा होतो, म्हणजे प्रतिमेच्या पावलापेक्षा जरासा मोठा. बैलगाडीच्या सव्वा ते दीड मीटर अंतरावर असलेल्या चाकांच्या चाकोऱ्या पटावर बावीस ते सत्तावीस मिलिमीटर अंतराने येतात.

सामग्रीपैकी सर्वांत सोयीचा म्हणजे एक्सपीएस फोमचा तक्ता, जो इमारतीच्या छतावर ऊन अडवण्यासाठी घालतात. थर्माकोल मण्यांचा बनलेला असल्यामुळे कापताच त्याचे मणी सुटतात. एक्सपीएसचा पोत बारीक व एकसंध असतो आणि त्यावर उमटलेली रेघ तशीच राहते. शाडूही चालते, परंतु सुकताना ती आकसते आणि जाड थर दिल्यास तडकते. तक्त्यावर प्रथम धारदार पात्याने हलकी रेघ मारून मग शाई संपलेल्या बॉलपेनने ती रुंदावली की दोन दगडांमधली दरज तयार होते. घडीव चिऱ्यांत एका रांगेतली उभी दरज पुढच्या रांगेतल्या दरजेसमोर येता कामा नये, कारण कोणताही गवंडी तसे बसवत नाही. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या कागदाचा चुरगाळलेला गोळा सगळीकडे दाबून फिरवल्यावर दगडाचा खरबरीतपणा उमटतो, आणि अधूनमधून एखादा दगड बोटाने खाली दाबला, एखाद्याचा कोपरा उडवला, चाकोऱ्यांतले दगड बोथट केले की वापराचे वय दिसू लागते. इथे हात आवरणे कठीण असते. प्रत्येक दगडावर भेग काढली तर वाट जुनी न दिसता उद्ध्वस्त दिसते.

दुसरी मोठी चूक रंगाची. बाजारातल्या नमुन्यांचा थंड, निळसर करडा रंग नगर परिसराचा नाही. इथला दगड बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याच्या थरांतून घडलेला काळा पाषाण आहे. ताजा फोडल्यावर तो काळपट दिसतो, हवापाण्याने त्याच्यातले लोह गंजून कडांना तांबूस तपकिरी छटा येते, आणि सतत पाय पडणारा माथा गुळगुळीत व उजळ होतो. पटावर हे याच क्रमाने साधते. फेविकॉलमध्ये काळा रंग कालवून दिलेले अस्तर फोमला टणकपणा देते. विद्रावक असलेला फवारा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तो फोम वितळवतो. मग काही मोजके दगड तपकिरी व तांबूस रंगवून, जवळजवळ पुसून कोरड्या केलेल्या कुंचल्याने फिकट राखाडी रंग केवळ उंचवट्यांवर ओढतात. दरजांत रंगापेक्षा खरा मुरूमच बरा: वाळवून, कुटून, गाळणीतून चाळून पातळ फेविकॉलवर भुरभुरावा. चिकटल्यावर तो गडद पडतो, म्हणून हव्या त्या छटेपेक्षा फिकट घ्यावा.

वास्तवतेला खेळाची मर्यादा असते. पंचवीस मिलिमीटरच्या चकतीवर उभी प्रतिमा खडबडीत दगडांवर डुगडुगते, त्यामुळे दगडांची उंची एक मिलिमीटरच्या आत ठेवून उरलेला उठाव छायेच्या पातळ रंगाने भासवावा लागतो. शेवटी बिनचमकीचे वार्निश दिले की रंग टिकतो. नगरची लढाई भर पावसाळ्यातली असल्यामुळे चाकोऱ्यांत आणि दबलेल्या दगडांवर तेवढे चमकदार वार्निश थेंब-थेंब सोडण्याची मोकळीक कारागिराला निश्चित आहे.