बायझंटिनविद्या

बायझंटिन साम्राज्याचा (३३०–१४५३) इतिहास, भाषा, साहित्य, कला, धर्म व कायदा यांचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा. ‘बायझंटिन’ हे नाव तेथील प्रजेचे नव्हे. ती स्वतःला रोमन म्हणवीत असे. कॉन्स्टँटिनोपलच्या जुन्या बायझँटियम या नावावरून बनलेल्या या संज्ञेचे श्रेय सामान्यतः जर्मन पंडित हीरोनीमस व्होल्फ (१५१६–८०) याने १५५७ मध्ये संपादिलेल्या इतिहासग्रंथांना देतात. सतराव्या शतकात द्यू कांझ (१६१०–८८) या फ्रेंच विद्वानाने मध्ययुगीन ग्रीकचा कोश रचून अभ्यासाचा पाया घातला. पुढे गिबनने या सहस्रकाकडे मुख्यतः ऱ्हासाची कहाणी म्हणून पाहिले व हा पूर्वग्रह दीर्घकाळ टिकला. कार्ल क्रुम्बाखर (१८५६–१९०९) याने म्यूनिक येथे १८९२ मध्ये स्वतंत्र नियतकालिक सुरू केल्यावर या विद्येस विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली.

साम्राज्याचे राजधानीतील दप्तर जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. ॲथॉस पर्वतावरील मठांसारख्या ठिकाणीच काही मूळ दस्तऐवज उरले. त्यामुळे पत्रांना लावलेल्या शिशाच्या मुद्रांना असाधारण महत्त्व आले. पत्र नाहीसे झाले, तरी मुद्रेवर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व पुष्कळदा प्रांतही वाचता येतो. अन्यथा अज्ञात अशी कित्येक माणसे केवळ मुद्रांवरूनच ज्ञात आहेत. वॉशिंग्टन येथील डंबर्टन ओक्स संस्थेत अशा सु. १७,००० मुद्रा आहेत.

प्रजेची रोमन ओळख पाश्चात्त्य अभ्यासकांनी नाकारली, असे अँथनी काल्डेलिस यांनी रोमनलँड (२०१९) या ग्रंथात प्रतिपादिले असून, काही अभ्यासक आता ‘पूर्व रोमन’ ही संज्ञा पसंत करतात.