च्युइंगगममधील ब्राह्मी : गुण कोणाचा?

परीक्षा जवळ आल्या की एकाग्रता व स्मरणशक्ती वाढविणारे म्हणून विकले जाणारे च्युइंगगम घेऊन पालक आमच्याकडे येतात. वेष्टनावर ब्राह्मीचे पान असते. बारीक अक्षरांत कॅफीनही असते. वडी चघळताच मुलाला तरतरी येते, ब्राह्मीचा गुण आला, असे ते सांगतात. हा गुण नेमका कोणाचा, हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही पाहिले पाहिजे.

गममधून औषध देण्याची कल्पना मुळात चुकीची नाही. तंबाखू सोडविण्यासाठी निकोटिनचे 2 व 4 मि.ग्रॅ.चे गम मिळते. ते थोडे चावून गालाशी धरावयाचे असते, कारण निकोटिन मुखातील श्लेष्मल त्वचेतून शोषले जाते. गिळल्यास त्याचा बराच भाग यकृतातच निष्प्रभ होतो. कॅफीनही मुखातून शोषले जाते. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गममधील कॅफीन कॅप्सूलपेक्षा लवकर रक्तात पोहोचल्याचे आढळले. जागरण करणाऱ्या सैनिकांसाठी तेथे 100 मि.ग्रॅ. कॅफीनची वडी वापरात आली ती यामुळेच. 2015 साली निघालेल्या अमेरिकन ‘न्यूरो’ गमच्या वडीत 40 मि.ग्रॅ. कॅफीन व 60 मि.ग्रॅ. एल-थिआनिन असते.

ब्राह्मीचे तसे नाही. ऑस्ट्रेलियात 2001 साली जलब्राह्मीच्या अर्काचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. 300 मि.ग्रॅ.ची एकच मात्रा देऊन दोन तासांनी घेतलेल्या चाचण्यांत कोणताही लाभ दिसला नाही. तीच मात्रा रोज दिल्यावर शिकण्याचा वेग व स्मरण यांत सुधारणा दिसली, ती 12 आठवड्यांच्या अखेरीस सर्वाधिक. रसायनाचे कार्य असेच सावकाश घडते. चरकाचार्यांनी मेध्य रसायनांसाठी स्वरस, दुधासह चूर्ण, कल्क अशा कल्पना सांगितल्या. ब्राह्मीघृतात स्नेहाची जोड दिली. दोन-अडीच ग्रॅमच्या वडीत एवढा तिक्त अर्क घातला तर मूल ती थुंकूनच टाकील. त्यामुळे मात्रा छापलेली नसेल तर ब्राह्मी नाममात्र आहे असे आम्ही धरतो. (जलब्राह्मी की मंडूकपर्णी, हा जुना घोळ वेष्टनावरही आहेच.)

तेव्हा तत्काळ येणारी तरतरी कॅफीनची, आणि श्रेय ब्राह्मीला. पुढे झोप उडाली, छाती धडधडली तर दोषही ब्राह्मीलाच लागतो आणि घरचे ब्राह्मीघृतही बंद होते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली मुलांसाठी दिवसाला दर किलो वजनास 3 मि.ग्रॅ. कॅफीनची मर्यादा सुचविली. पन्नास किलोच्या मुलाला ती 150 मि.ग्रॅ. होते. चाळीसच्या चार वड्यांत 160 होतात, चहा वेगळाच. कॅफीनची निम्मी मात्रा शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. रात्री अभ्यासाला बसताना चघळलेली वडी पहाटेपर्यंत पाठ सोडत नाही. वाचलेले मनात पक्के होते ते झोपेत, आणि नेमकी तीच जाते.

औषधविक्रेत्या बंधूंनी विकताना वडीतील कॅफीनचा आकडा ग्राहकाला वाचून दाखवावा व मुलाचे वय विचारावे. सॉर्बिटॉल असल्यास पुष्कळ वड्यांनी अतिसार होऊ शकतो, हेही सांगावे.

फेब्रुवारीत ब्राह्मी मागणाऱ्या पालकांना ती या परीक्षेस उपयोगी पडणार नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो. जूनमध्ये मुलाला घेऊन या, अग्नी व प्रकृती पाहून घृत ठरवू, असे म्हणतो. काही नाराज होऊन जातात. काही जूनमध्ये येतात.