क्लस्टर सर्व्हरच्या पुनरारंभानंतर न दिसणाऱ्या सारण्या : कारणे व शोधपद्धती

प्रस्तावना

महाविद्यालयांतील प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय व लेखा या विभागांच्या नोंदी आता बहुतांशी डेटाबेसमध्ये, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या सारण्यांमध्ये (टेबलांमध्ये) ठेवल्या जातात. एका यंत्राच्या बिघाडाने काम थांबू नये म्हणून अनेक यंत्रे एकत्र जोडून क्लस्टर उभारला जातो. परंतु वीजपुरवठा खंडित झाल्यावर किंवा देखभालीसाठी सर्व यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही सारण्या दिसतच नाहीत, असा अनुभव येऊ शकतो. ‘सारणी अस्तित्वात नाही’ हा संदेश वाचून माहिती नष्ट झाली असे मानले जाते आणि त्या घाईत केलेल्या उपायांनीच खरे नुकसान होते. प्रस्तुत लेखात मायएसक्यूएल एनडीबी क्लस्टर या प्रणालीच्या आधारे सारणी न दिसणे व सारणी नष्ट होणे यांतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

क्लस्टरची रचना

एनडीबी ही प्रणाली मुळात एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीत विकसित झाली. २००३ मध्ये मायएसक्यूएल कंपनीने ती ताब्यात घेतली व २००४ पासून ती मायएसक्यूएलबरोबर उपलब्ध झाली. तिच्यात तीन प्रकारचे घटक असतात. डेटा नोड प्रत्यक्ष माहिती सांभाळतात, एसक्यूएल नोड वापरकर्त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि व्यवस्थापन नोड रचनेची माहिती पुरवून सर्वांवर देखरेख ठेवतो. म्हणजे वापरकर्ता ज्या यंत्राशी बोलतो त्या यंत्रावर माहिती असेलच असे नाही. पुढील बहुतेक गोंधळाचे मूळ या विभागणीत आहे.

डेटा नोड सारण्या प्रामुख्याने मेमरीत ठेवतात. सामान्यतः प्रत्येक भागाच्या दोन प्रती दोन वेगळ्या नोडवर असतात. मेमरीतील माहिती वीज जाताच पुसली जाते. म्हणून तिचे चित्र ठराविक काळाने डिस्कवर उतरवले जाते. यास स्थानिक चेकपॉइंट म्हणतात. त्यानंतरचे बदल रीडू लॉगमध्ये नोंदवले जातात. संपूर्ण क्लस्टर पुन्हा सुरू होताना प्रथम चेकपॉइंट वाचला जातो व नंतर रीडू लॉगमधील बदल त्यावर चढवले जातात. सर्व नोडच्या लॉगमध्ये एकवाक्यता साधणारा जागतिक चेकपॉइंट मूळ मांडणीनुसार दर दोन सेकंदांनी होतो. त्यामुळे सर्व यंत्रे एकाच वेळी बंद पडल्यास शेवटच्या काही क्षणांतील व्यवहार गमावण्याचा संभव असतो. पण त्यामुळे पूर्वीपासूनची सारणी नाहीशी होत नाही. ती दिसत नसेल तर कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

सारणी न दिसण्याची कारणे

पहिले कारण सारणीच्या प्रकाराचे आहे. सारणी तयार करताना एनडीबी हे इंजिन स्पष्टपणे नमूद केले नाही, तर ती मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इंजिनात तयार होते. २०१० पर्यंत ते मायआयसॅम होते, त्यानंतर इनोडीबी आले. अशी सारणी केवळ त्या एका एसक्यूएल नोडच्या डिस्कवर राहते. पुनरारंभानंतर कार्यप्रणाली दुसऱ्या एसक्यूएल नोडला जोडली गेली की सारणी हरवल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती पहिल्या नोडवर सुरक्षित असते.

दुसरे कारण सुरू होण्याच्या क्रमाचे आहे. एसक्यूएल नोड आधी सुरू झाला आणि डेटा नोड अद्याप चेकपॉइंट वाचत असले, तर एसक्यूएल नोड ठराविक काळ वाट पाहून एनडीबी उपलब्ध नाही असे समजतो. जोडणी पूर्ण होईपर्यंत त्या सारण्या वापरता येत नाहीत.

तिसरे कारण डिस्कच्या जोडणीचे आहे. माहितीची निर्देशिका वेगळ्या डिस्कवर असते व ती डिस्क वेळेत जोडली गेली नाही, तर त्याच नावाची रिकामी निर्देशिका समोर येते. प्रणाली तिलाच खरी समजते आणि नव्याने स्थापना झाल्याप्रमाणे कामास लागते.

चौथे कारण सर्वांत गंभीर आहे. डेटा नोडला ‘इनिशियल’ हा पर्याय देऊन सुरू केल्यास तो आपल्या जुन्या पुनर्स्थापना-फाइली पुसून टाकतो. एकाच नोडबाबत असे घडले तर तो जोडीदार नोडकडून माहिती पुन्हा मिळवतो. परंतु स्थापनेच्या वेळी लिहिलेला हा पर्याय यंत्र सुरू होतानाच्या आज्ञावलीत तसाच राहिला आणि सर्व नोड एकदम सुरू झाले, तर माहिती सर्वत्र पुसली जाते. मग केवळ आधी घेतलेला बॅकअप उरतो.

याशिवाय ‘डिस्कलेस’ मांडणी वापरल्यास काहीच डिस्कवर लिहिले जात नाही. अशा वेळी झालेली हानी हा बिघाड नसून निवडलेल्या मांडणीचा परिणाम असतो.

शोधाचा क्रम

सर्वप्रथम नवीन नोंदी थांबवाव्यात. त्याच नावाची सारणी पुन्हा तयार करू नये, तसेच वारंवार पुनरारंभ करू नये. उपलब्ध निर्देशिकांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घ्यावी.

त्यानंतर व्यवस्थापन नोडवर ‘शो’ व ‘ऑल स्टेटस’ या आज्ञांनी सर्व नोड जोडले गेले आहेत काय व पूर्ण सुरू झाले आहेत काय हे पाहावे. मग ‘एनडीबी शो टेबल्स’ हा प्रोग्रॅम चालवावा. तो एसक्यूएल नोडला वगळून थेट डेटा नोडकडील यादी देतो, म्हणून ही तपासणी निर्णायक ठरते. यादीत सारणी असल्यास दोष एसक्यूएल नोडच्या बाजूस आहे. यादीत ती नसल्यास प्रत्येक एसक्यूएल नोडवर शोध घ्यावा व सापडल्यास तिचे इंजिन पाहावे. तेथेही ती नसेल तर डिस्कची जोडणी, फाइलींचे दिनांक, सुरुवातीची आज्ञावली आणि क्लस्टर लॉग तपासावा. बॅकअपवरून पुनर्स्थापना हा उपाय सर्वांत शेवटी करावा.

घाईचे परिणाम किती दूरवर जातात हे गिटलॅब या संस्थेच्या अनुभवावरून दिसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथे दोन पोस्टग्रेस सर्व्हरमधील प्रतिरूपण दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हरवरील निर्देशिका पुसण्याऐवजी मुख्य सर्व्हरवरील पुसली गेली. नेहमीचे बॅकअप निरुपयोगी आढळले आणि सुमारे सहा तासांपूर्वीच्या प्रतीवरून काम सावरावे लागले. प्रणाली निराळी असली तरी बोध एकच आहे.

निष्कर्ष

क्लस्टरमधील दुसरी प्रत यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण देते, चुकीच्या आज्ञेपासून नव्हे. कारण अशी आज्ञा सर्व प्रतींना सारखीच लागू होऊ शकते. म्हणून क्लस्टर असूनही स्वतंत्र बॅकअप आवश्यक आहे आणि तो पुनर्स्थापित करून पाहिलेला असणे त्याहून आवश्यक आहे. सत्रारंभापूर्वी, नोंदींचा ताण नसताना, संपूर्ण क्लस्टर एकदा हेतुतः बंद करून सुरू करावा व सारण्यांची यादी आधीच्या यादीशी ताडून पाहावी. निकालाच्या आदल्या दिवशी ‘सारणी अस्तित्वात नाही’ हा संदेश आलाच, तर तो निवाडा न मानता शोधाचा आरंभ मानावा. विद्यार्थ्यांच्या नोंदी पुष्कळदा त्या संयमावरच अवलंबून असतात.