मुंबईत महिनाभर, गाडीवाचून

गोव्यात उंबऱ्याबाहेर पडायचे म्हणजे दुचाकी किंवा चारचाकी काढायची, हे आता अंगवळणी पडले आहे. त्यामुळे मुंबईत मुलाबाळांकडे महिनाभर राहावयास गेलेले कित्येक गोमंतकीय ज्येष्ठ आठवडाभर घरात बसून राहतात आणि रविवारी चिरंजीवांच्या गाडीतून वाहतुकीची कोंडी पाहून परततात. वास्तविक मुंबई ही गाडीवाचून पाहण्याचीच नगरी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि पुढे हे शहर वाढले ते बहुतांशी रुळांच्या काठाने.

लोकलच्या गर्दीची धास्ती अनाठायी नाही. पण त्या गर्दीला दिशा आणि वेळ असते. सकाळी लोंढा दक्षिणेकडे धावतो, सायंकाळी उत्तरेकडे. ज्याला कचेरी गाठायची नाही, त्याने अकराच्या सुमारास निघून चारच्या आत परतावे. धीमी गाडी घ्यावी, घाई कसली?

मुक्काम लांबणार असेल तर मासिक पास काढणे उत्तम. त्यात पैसे वाचतातच, परंतु खरा लाभ निराळा आहे: पासाच्या टप्प्यात मधल्या कोणत्याही स्थानकावर उतरता येते. दादर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा पास खिशात असला की एके दिवशी भायखळ्याला उतरावे. तेथून चालत राणीच्या बागेशेजारील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठता येते. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूला ज्यांचे नाव दिले गेले, ते भाऊ दाजी मूळचे पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे, हे आपल्याकडेही थोड्यांनाच ठाऊक असते. संग्रहालय बुधवारी बंद असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी थेट टर्मिनसला उतरून धोबीतलावपर्यंत पायी जावे. नोकरीच्या शोधात किंवा बोटीवर जाण्यासाठी आलेल्या गोवेकरांना आसरा देणारे गावोगावचे ‘कूड’ याच परिसरात उभे राहिले. पुढे ओव्हल मैदान लागते. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोरा, समोर आर्ट डेको शैलीतील इमारतींची रांग. २०१८ पासून हा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मोटारीतून हे दोन मिनिटांत मागे पडते. मैदानाच्या कडेने सावकाश चालले, तरच दोन काळ समोरासमोर उभे असल्याचे जाणवते.

अडचणी आहेतच. रेल्वेपुलांचे जिने गुडघ्यांची परीक्षा पाहतात. अशांसाठी आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो सोयीची. ऑक्टोबर २०२५ पासून ती पूर्ण मार्गावर धावते, मात्र तिचे तिकीट वेगळे काढावे लागते. रिक्षा वांद्रे-शीवच्या दक्षिणेला मिळत नाही. तेथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. बसच्या कपाळावरील क्रमांक देवनागरी अंकांत असतो. परप्रांतीय पाहुणा तेथे गोंधळतो, आपल्या माणसाला मात्र तो लांबूनच वाचता येतो.